खांबाजवळची मोकळी जागा

माझ्या मुलीची सायकल घरात आली त्याच दिवशी माझ्या सासऱ्यांनी तिचं भविष्य सांगून टाकलं. सायकलीचं, मुलीचं नव्हे. “पोरगी एकदा जरी पडली ना, हिला भंगारात घालतो. मंग सळई होऊन येऊ दे कारखान्यातून बाहेर.”

आमच्या जालन्यात ही धमकी पोकळ नसते. भंगार आत जातं आणि सळया बाहेर येतात असे कारखाने शहराला लागूनच आहेत. शिवाय सासरे बोललेलं करतात. आयुष्यभर शेती केलेला माणूस. सासूबाई गेल्यावर गाव सोडून शहरात, मस्तगडात आमच्याकडे राहायला आले ते घराचा कारभार हातात घेऊनच. माझा नवरा बँकेत आहे. वडील बोलले की तो त्यांच्याकडे बघून मान हलवतो आणि मी बोलले की माझ्याकडे बघून. त्याच्या मानेला दिवसभर आराम नसतो.

‘एकदा जरी पडली’ याचा अर्थ मला चांगला कळतो. मी अंकुशनगरला साखर कारखान्याच्या वसाहतीत वाढले. वडिलांच्या मोठ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारत सगळी वसाहत पालथी घालायचे. एकदा उसाच्या ट्रॉलीला वाट देताना खडीवर पडले आणि हनुवटी फुटली. टाके निघाले, पण सायकल परत मिळाली नाही. कोणी रागावलं नाही, कोणी मारलं नाही. सायकल बंद झाली, आणि तिच्याबरोबर बाजार, मैत्रिणीचं घर, कालव्याकाठची संध्याकाळ, सगळंच बंद झालं. नंतर मी शिकले, बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत बियाण्याची उगवण तपासायला लागले, पगार आणायला लागले. पण कुठेही जायचं तर कोण सोडणार आणि कोण आणणार, हा प्रश्न स्कूटी आली तरी मनात सगळ्यात आधी येतो. माझ्या मुलीच्या मनात तो येऊ नये एवढीच माझी हाव होती. सायकल आल्यापासून ती ‘जाऊ का’ असं विचारत नव्हती, ‘जाऊन येते’ म्हणत होती. हे दोन शब्द मला कानाला फार गोड लागायचे.

तिची शाळा नवीन जालन्यात. मध्ये नदीवरचा पूल आणि पुलाच्या तोंडाशी तिठा. ऑटो, मोटारसायकली आणि सळयांचे ट्रॅक्टर तिन्ही बाजूंनी तिथे येऊन एकमेकांच्या अंगावर जातात. सळया ट्रॉलीपेक्षा लांब असतात, मागे बाहेर आलेल्या असतात. त्यांच्या टोकाला लाल फडकं बांधायचं असतं. ते कधी असतं, कधी फाटक्या पिशवीचा तुकडा असतो, कधी काहीच नसतं. ट्रॅक्टर उजवीकडे वळला की सळयांचं शेपूट डावीकडे फिरतं, आणि डावीकडे शाळेच्या मुली सायकलीवर असतात. मी स्वतः स्कूटीवरून जाताना एकदा ती टोकं माझ्या हँडलच्या जवळून गेलेली बघितली.

म्हणून आम्ही काही जण एकत्र आलो. त्यातले खरे कामाचे दोघं. एक मी, कारण मला राग लवकर येतो आणि तो लवकर जात नाही. दुसरे आमच्या गल्लीतले निवृत्त पीटीचे सर, कारण त्यांच्याकडे शिट्टी होती आणि ऐकून घ्यायची सवय नव्हती. पुलाच्या डाव्या कडेने सायकलींसाठी एक पट्टा आखावा, एवढीच आमची मागणी होती. रस्त्याचं काम बघणाऱ्या साहेबांकडे आम्ही इतक्या चकरा मारल्या की शिपाई आम्हाला बघून चहा सांगायला लागला. शेवटी साहेब म्हणाले, “आठवडाभर सकाळच्या शाळेच्या वेळेत करून बघा. हवालदार देतो. पण एक जरी पोरगी पडली, तर त्याच दिवशी गुंडाळायचं. नंतर माझ्याकडे यायचं न्हाई.”

साहेबांची अट आणि सासऱ्यांची अट एकच निघाली. मी घरी गेल्यावर हसत सांगितलं, तर सासरे हसले नाहीत. “बराबर बोलले साहेब,” म्हणाले.

पट्ट्याची सुरुवात कुठून करायची, यावर आम्ही बरीच डोकेफोड केली. तिठ्यावर सगळीकडे खेटाखेटी. फक्त डाव्या कोपऱ्यात विजेच्या खांबाजवळ चांगली ऐसपैस जागा होती. तिथे हातगाडी लागत नव्हती, ऑटो उभे राहत नव्हते, माणसंसुद्धा थोडं बाजूने जात होती. सर खूश झाले. “बघा ताई, देवानंच आपल्यासाठी मोकळी ठेवली,” म्हणाले. त्यांनी मैदानावर आखायची पांढरी फक्की आणली आणि खांबापासून पुलापर्यंत सरळ रेघ मारली. रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून, त्यात काठ्या रोवून, काठ्यांना लाल फडकी बांधून आम्ही ते रेघेवर मांडले.

ती जागा मोकळी का होती, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. बाकीचे तिथेच वाढलेले, मीही रोज तिथून जाणारी. सुचलं नाही ते त्यामुळेच.

पहिले दिवस छान गेले. मुली रांगेत यायच्या, पट्ट्यात शिरायच्या, पूल ओलांडून जायच्या. ऑटोवाले आधी कुरकुरले, मग डब्यांना सरावले. हवालदार मोबाईल बघत उभा राहायला लागला, म्हणजे सगळं ठीक होतं. माझी मुलगी रोज माझ्यासमोरून जाताना मुद्दाम घंटी वाजवायची आणि मी ओळख नसल्यासारखं दाखवायचं, असं आमचं ठरलं होतं.

मग अमावस्या झाली. ज्या घरात सासरे पंचांग बघितल्याशिवाय बोअरची मोटरसुद्धा दुरुस्तीला देत नाहीत, त्या घरात राहून मी आठवड्याचा मुहूर्त काढताना कॅलेंडरकडे बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि सर डबे मांडायला गेलो तर खांबाच्या बुडाशी, बरोबर आमच्या पट्ट्याच्या तोंडात, उतारा ठेवलेला. पत्रावळीवर दहीभात, त्यावर गुलाल-कुंकू, टाचण्या टोचलेलं लिंबू आणि चिंधी बांधलेला नारळ. कोणीतरी कुणावरून तरी उतरवून तिठ्यावर आणून ठेवलेला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हाच तो कोपरा. उतारा ठेवायचा तो इथेच, खांबापाशी, आणि म्हणूनच तिथे ना गाडी लागायची ना माणूस पाय ठेवायचा. लहानपणापासून ‘ओलांडू नको, बाजूनं चल’ ऐकत आलेल्या आम्ही शहाण्यांनी सगळ्या तिठ्यातून नेमकी तीच जागा मुलींच्या सायकलींसाठी निवडली होती.

“उचला सर,” मी म्हणाले.

सर शाळेत दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण द्यायचे. ताटात लिंबू घेऊन, सगळ्यांसमोर कापून, सरबत करून प्यायचे. ते उताऱ्याकडे बघत म्हणाले, “आत्ता झाडूवाले येतीलच ताई. त्यांचं काम आपण कशाला करायचं?”

मी सरांना हसले असते, पण माझाही हात पुढे होईना. मी दिवसभर बियाणं हाताळते, त्याला बुरशी का लागते आणि कोंब का येत नाही हे सांगते. त्यात कुठे लिंबू येत नाही. तरी हात पुढे होईना, कारण त्याच वाटेने थोड्या वेळात माझी पोर येणार होती. हे उचललं आणि आजच तिला काही झालं तर? हा विचार किती अडाणी आहे हे मला कळत होतं. कळून काहीही उपयोग झाला नाही.

मी मधला मार्ग काढला. डब्यातली काठी उपसली आणि पत्रावळ बाजूला ढकलायला गेले. पत्रावळ उलटली. भात पसरला, कुंकू ओल्या फक्कीत कालवलं गेलं, लिंबू घरंगळत पट्ट्याच्या मधोमध जाऊन बसलं. आधी जे एका कोपऱ्यात होतं ते मी स्वतःच्या हाताने पट्टाभर करून ठेवलं.

आणि मुली यायला लागल्या.

पहिलीने ते लांबूनच बघितलं. तिने ब्रेक मारला नाही, घंटी वाजवली नाही, सायकल सरळ उजवीकडे घेतली आणि डब्यांच्या बाहेर, रस्त्यावर आली. तिच्या मागची तशीच. त्या मागची तशीच. सर शिट्टी फुंकत होते, मी ओरडत होते, “आत चला, आतून चला!” पण कुठली मुलगी ऐकते? प्रत्येकीच्या घरी एक आजी आहे, एक आई आहे. पायाखाली लिंबू आणि समोरून ट्रॅक्टर यांत कशाला जास्त भ्यायचं ते त्यांना कधीच शिकवून झालेलं होतं.

सळयांचा एक ट्रॅक्टर उजवीकडे वळला. शेपूट फिरलं. फडकं नव्हतं. बाहेर आलेल्या एका मुलीच्या दप्तराला टोकं घासून गेली, खर्रकन आवाज आला, तिने पाय टेकला, सायकल झुकली, पण ती पडली नाही. कशी पडली नाही ते तिचं तिला ठाऊक. दप्तराची कड फाटून वही बाहेर लोंबत होती. हवालदाराने मोबाईल खिशात टाकला. “मॅडम, हे काय चालू हाय? जल्दी साफ करा, न्हाईतर मी डबे उचलून राह्यलो.”

मी वर बघितलं. रस्त्याच्या वळणावरून माझी मुलगी येत होती. तिच्या मागे, थोड्याच अंतरावर, दुसरा ट्रॅक्टर.

तेव्हा मात्र मला भीतीपेक्षा राग जास्त आला. कुणाचा, ते आठवत नाही. बहुतेक माझाच. मी खाली बसले आणि दोन्ही हातांनी सगळं गोळा केलं. भात, कुंकू, लिंबू, पत्रावळ, सगळं ओढणीत. टाचणी बोटात शिरली. शेवटी नारळ उचलला आणि त्याला बांधलेली चिंधी माझ्या हातात आली.

फिकट निळ्या चौकड्याची चिंधी. माझ्या मुलीच्या जुन्या शाळेच्या फ्रॉकची. तो फ्रॉक मीच फाडून स्वयंपाकघरात ओटा पुसायला घेतला होता.

घंटी वाजली. मी मान वर केली. ती पट्ट्यात होती, माझ्या अगदी जवळ, आणि मी ओढणीत तो सगळा संसार धरून तिच्या वाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसलेली. तिने खाली बघितलंच नाही. माझ्याकडे बघत, गालात हसत, सरळ निघून गेली. तिच्या उजव्या हाताला डब्यांच्या पलीकडून सळयांचं शेपूट फिरलं आणि एका डब्याची काठी मोडून गेलं. डबा आडवा झाला, वाळू सांडली. माझी मुलगी तोवर पुलावर पोचली होती.

मी उठले, पुलाच्या कठड्यापाशी गेले आणि ओढणीतलं सगळं खाली कोरड्या नदीत फेकून दिलं. चिंधी तेवढी मुठीत ठेवली.

संध्याकाळी घरी आले तेव्हा सासरे बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मी चिंधी त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी ती ओळखली. मग माझ्या हाताकडे, टाचणीने सुजलेल्या बोटाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. “हात लावला तू? हातानं उचलला?”

“हो मामा. हातानं उचलला आणि नदीत फेकला. तुमच्या त्या उताऱ्यापायी आज एक पोरगी सळईखाली गेली असती. आपली पण गेली असती.”

“मी तिच्याचसाठी ठेवल्ता,” ते म्हणाले. “तुम्ही तिला त्या रोडवर घातली. मी रोज दारात बसून राह्यलो, ती येईपर्यंत माझ्या घशाखाली चहा उतरत न्हाई. मला काय येतं दुसरं? अमावस्या व्हती. तिच्यावरून उतरवला, अन तिठ्यावर ठेवून आलो. रोडनं ते घ्यावं अन पोरीला सोडावं, म्हणून.”

मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. “आबा, मला तर तो दिसलाच न्हाई. तिथं आई बसली व्हती, मी तिच्याकडं बघितलं अन सरळ गेले.”

सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. “उतारा मोडला,” ते म्हणाले. “आता रोडच्या अन तिच्या मधी काय राह्यलं? उद्यापासून सायकल बंद. बिलकुल बंद.” आणि उठून त्यांनी खुंटीवरची सायकलीची चावी बंडीच्या खिशात टाकली. मुलगी रडली नाही. आत जाऊन तिने दप्तर भरलं, आणि मला विचारलं, “उद्या मला कोण सोडणार?” तो प्रश्न आमच्या घरात परत आला होता.

सकाळी मी निघाले तेव्हा सासरे चप्पल घालून दारात उभे. “चल. ती पोरगी कुठं वाचली ते मला दाखव. चावी माझ्यापाशी हाय.”

तिठ्यावर मी त्यांना खांबापाशी उभं केलं. जागा मी घासली होती, पण कुंकवाचा डाग गेला नव्हता. लाल, तळहाताएवढा. मुली यायला लागल्या. पहिलीने डाग बघितला आणि सायकल बाहेर काढली. दुसरीने बाहेर काढली. उतारा नव्हता, नुसता डाग होता, तरी त्या मुली एकेक करून रस्त्यावर उतरत होत्या. मग ट्रॅक्टर वळला. सळयांचं शेपूट फिरत आलं आणि डब्यांच्या रेघेवरून, एका मुलीच्या मागच्या चाकाजवळून गेलं. सासऱ्यांनी हात पुढे केला, जणू तिथून ती सळई धरणार होते.

“ये भाड्या!” ते ओरडले. “फडकं कामून बांधलं न्हाई? डोळे फुटले का?” ट्रॅक्टरवाला निघून गेला. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “त्या मास्तरकडून चुना आण.”

“फक्की आहे ती, मामा.”

“काय असंल ते. जल्दी आण.”

सरांनी पिशवी दिली. सासऱ्यांनी चप्पल काढली. कोणाच्या तरी दाराशी रांगोळी घालावी तसं हळूहळू, मुठीने, त्यांनी स्वतः ठेवलेल्या उताऱ्याचा डाग बुजवला. ओठ हलत होते. काय पुटपुटले ते मी विचारलं नाही. डाग पूर्ण पांढरा झाल्यावर हात झटकून त्यांनी खिशातून चावी काढली आणि माझ्या हातात दिली. “जाय. घिऊन ये तिला. शाळेला उशीर होऊ राह्यला.”

ती आली तेव्हा ते खांबाला पाठ लावून उभे होते. ऑटोवाल्यांना हात करत, हवालदाराला बाजूला सारत. “सरळ ये माय! हिकडं तिकडं बघू नको. मी हाय हिथं!” मुलीने घंटी वाजवली. आजोबांना ओळख न दाखवण्याची आमची शिस्त कोणी सांगितलेली नव्हती, त्यामुळे ते ती पुलापार होईपर्यंत हात हलवत राहिले.

आठवडा पार पडला, कोणी पडलं नाही. पुढे साहेबांनी पट्ट्याला रंग मारून दिला. तो रंग आता निम्मा उडाला आहे आणि आमच्या चकरा परत सुरू आहेत. सायकल घरातच आहे.

सासरे अजून बहुतेक सकाळी खांबापाशी असतात. पुढच्या एका अमावस्येनंतर मी त्यांच्याबरोबर होते. तिथे पुन्हा उतारा होता, दुसऱ्या कुणाचा तरी. नारळाला लहान मुलाच्या झबल्याची पट्टी बांधलेली. मी ओढणी सावरून पुढे झाले तर ते म्हणाले, “तू नको. तू फेकून देतीस.” ते गुडघे धरत खाली बसले, पत्रावळ दोन्ही हातांवर अलगद उचलली, लिंबू हलू न देता चालत गेले, आणि पुलाचा कठडा सुरू होण्याआधीच्या कडेच्या मातीवर, जिथे कोणाचं चाक जात नाही, तिथे ती ठेवली.

“पोरी येऊ राह्यल्या, म्हणून हलवलं,” ते हात जोडून म्हणाले. “ज्याचं असंल त्याचं लेकरू नीट ठेव.”

मग परत येऊन ते खांबाला पाठ लावून उभे राहिले.